ऊन खायला बार्सिलोना

वैशाखात दूध आणायला निघतानाही तोंडाला स्कार्फ गुंडाळणारी मंडळी हल्ली ऊन खायला बार्सिलोनाला जातात. समुद्र आणि शहर एकाच तिकिटात, असा हिशेब. (गिरगावातही दोन्ही शेजारीशेजारीच आहेत, पण तिथे व्हिसा लागत नाही, मग मजा काय?)

शेंगेन व्हिसात सगळा भर तुम्ही परत येणार हे पटवून देण्यावर असतो. बँकेचं स्टेटमेंट, साहेबांचं रजेचं पत्र, परतीचं बुकिंग, किमान ३०,००० युरोचा विमा. वर ९० युरो फी, नकार आला तरी ती गेलीच. मुलीच्या लग्नात जावयाचीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती.

मग यादी. साग्रादा फमिलिया हे चर्च १८८२पासून बांधताहेत. आपल्या नाक्यावरचा पूल चार वर्षं रखडला की आपण कंत्राटदाराचा उद्धार करतो. इथे मात्र अर्धवट बांधकाम बघायला वेळ ठरवून तिकीट काढतो. किनाराही अस्सल नव्हे. १९९२च्या ऑलिंपिकसाठी जुने कारखाने हटवून, वाळू ओतून तो सजवला. तिथे आपले काका पूर्ण पॅन्ट घोट्यापर्यंत दुमडून उभे राहणार आणि काकू सनस्क्रीनवर छत्री धरणार.

स्थानिक लोक पाहुण्यांना विटलेत, ही बाब टूरवाले पत्रकात छापत नाहीत. पर्यटकांमुळे घरभाडी परवडेनात म्हणून जुलै २०२४मध्ये लोकांनी मोर्चा काढला आणि हॉटेलांबाहेर जेवत बसलेल्यांवर पिचकाऱ्या मारल्या. आपल्या टूरवाल्याच्या कानावर हे गेलं, तर पुढच्या पत्रकात ‘रंगपंचमी समाविष्ट’ असं येईल, जीएसटी वेगळा.