वासाची वाट

वर्ध्यात कुणाचं घर बांधायला निघालं की लेआउटातल्या प्रत्येकाला त्यात मत असतं. गेट किती फुटांचं, देवघर ईशान्येला बसतंय का, जिना घरातून की बाहेरून, स्लॅबच्या दिवशी मजुरांना जेवण काय. संडासच्या टाकीची चर्चा मात्र झाकणापाशी येऊन थांबते. टाकीतली हवा बाहेर कुठून जाणार, हा प्रश्न सभ्य माणसं विचारत नाहीत आणि असभ्य माणसांना बांधकामावर कुणी बोलावत नाही.

आमच्या शेजारचं दुमजली घर याच सभ्यतेतून उभं राहिलं. वास्तुशास्त्राप्रमाणे टाकी वायव्येला. त्यांची वायव्य म्हणजे नेमकी आमची पूर्वेची खिडकी, पण शास्त्रात शेजाऱ्यासाठी वेगळी दिशा नसते. टाकीतून गॅस पाइप निघाला, पाच फूट वर आला आणि थांबला. कारण समोरून तीन रंगांचं एलेव्हेशन केलेलं. गच्चीवरून पांढरा पाइप डोकावला तर घर कसं दिसंन?

मी प्लंबरला हळूच विचारलं, "अजून वर नाही नेणार का?"

"कायले काकाजी? वास वरतंच जाते न. त्याले स्टेशनावर पोचवून द्याची काय गरज हाय?"

तर्क बिनतोड होता. फक्त वासाला तो माहीत नव्हता. टाकीत तयार होणारा मिथेन हवेपेक्षा हलका असतो खरा. पण त्याला वास नसतो. ज्याला वास असतो तो हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड. म्हणजे वर जाणारा गुपचूप जातो आणि नाक मुरडायला लावणारा आपल्यातच राहतो.

शिवाय आमच्याकडे मे महिना असतो. पारा 45 च्या वर, दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि प्रत्येक खिडकीत लोखंडी कूलर. कूलरचं काम एकच: बाहेरची हवा ओल्या वाळ्यातून ओढून आत फेकायची. कुठली हवा, हे तो विचारत नाही. त्यामुळे शेजारच्या सहा माणसांचं सगळं पचन आमच्या बेडरूममध्ये गार होऊन, वाळ्याचा सुगंध लेवून येऊ लागलं. इतका थंड आणि सुवासिक हायड्रोजन सल्फाइड देशात दुसरीकडे मिळत असेलसं वाटत नाही. पाहुणे सोफ्यावर बसून दोन दीर्घ श्वास घेत आणि म्हणत, "वाळा बदलला नाही वाटतं यंदा?"

सेप्टिक टँकसाठी भारतीय मानक 2470 आहे. ते सांगतं, पाइप किमान 50 मिलिमीटर व्यासाचा हवा. टाकी घरापासून 15 मीटर दूर असेल तर पाइप सुमारे 2 मीटर उंच चालेल. त्याहून जवळ असेल तर घराच्या माथ्यावर आणखी 2 मीटर. आमच्या लेआउटात टाकीपासून 15 मीटर मोजत निघालेला माणूस तिसऱ्याच्या स्वयंपाकघरात पोचतो आणि चहा घेऊनच परततो. तेव्हा पाइप माथ्यावरच न्यायला हवा. माथ्यावर म्हणजे गच्चीच्या कठड्याला टेकून नव्हे. उन्हाळ्यात तिथे सरगुंडे आणि कुरड्या वाळतात, रात्री माणसं झोपतात. ते 2 मीटर या मंडळींसाठी आहेत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: स्लॅबला भोक पाडलं की गळते. अहो, मग पाडू नका. बाहेरच्या भिंतीला क्लॅम्प मारून पाइप सरळ वर न्या. पाडलंच असेल तर भोवती सिमेंटचा छोटा ओटा करून वॉटरप्रूफिंग करा. डिशच्या छत्रीसाठी आपण त्याच स्लॅबला बोल्ट ठोकतो, तेव्हा गळती कुणाला आठवत नाही.

आणि हे सगळं वर्ध्यात व्हावं! कोंडलेल्या हवेला घराबाहेर काढायचा विचार इथे फार आधी झाला आहे. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथल्या मगनवाडीत सुरू झाला, जे. सी. कुमारप्पांनी तो चालवला. त्याच मगनवाडीचं नाव घेऊन 1947 च्या सुमारास मगन चूल आली: मातीची, धुराड्याची, बाईच्या डोळ्यांत जाणारा धूर घराबाहेर नेणारी. तेव्हाही कवेलूच्या छपरातून धुराडं काढायचं म्हणजे पावसाळ्यात तिथून गळणार, अशी कुरकुर घरोघर झालीच असेल. गळक्या छपराचं भय आपल्याला गुदमरण्यापेक्षा नेहमीच मोठं.

खरी गंमत खेड्यात. तिथे सरकारी योजनेतलं संडास असतं दोन शोषखड्ड्यांचं. या प्रकाराला पाइप लागतच नाही. खड्ड्यातला वायू आजूबाजूची माती शोषून घेते. पण देवळीकडे आमच्या एका नातलगाने शोषखड्ड्यावर बारा फुटी पाइप उभारला, वर टोपी बसवली आणि पोळ्याला त्याला बैलांबरोबर रंगही दिला. म्हटलं, "भाऊजी, याची गरज नाही." म्हणाले, "गरज नसंन, पण पाइपाशिवाय लोकाले समजंन कसं का आपल्या घरी संडास हाय?" गरज नाही तिथे बारा फूट; गरज आहे तिथे पाच!

पाइपाच्या तोंडाला जाळी हवी, हे मात्र आरोग्य विभागाची माणसं दारोदार सांगून थकली. उघड्या पाइपातून डास टाकीत उतरतात, अंडी घालतात आणि सहकुटुंब परततात. शेजाऱ्यांच्या पाइपाला जाळी शेवटी मीच बांधली. पाच फुटांवर असल्यामुळे शिडी लागली नाही, एवढा एक फायदा त्यांच्या प्लंबरच्या नावे लिहून ठेवतो.

तुमचं बांधकाम चालू असेल तर एवढं करा: प्लंबरचा शेवटचा हप्ता देण्याआधी त्याला घेऊन गच्चीवर जा. पाइपाचं तोंड तुमच्या डोक्याच्या वर असेल तर पैसे द्या. नाकासमोर असेल तर थांबवून ठेवा. आणि शेजाऱ्याची खिडकी कुठे आहे, तेही वरून एकदा बघून घ्या.