बारमाही पावसाळ्याचे अभिनंदन

पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो. म्हणून २०२३च्या जूनमध्ये कॉर्डेलिया क्रूझ चेन्नईहून श्रीलंकेला निघाली. हवामानामागे अशी वणवण करणाऱ्यांनी कर्जत-खालापूरचा कित्ता गिरवावा. येथे हवामानच पर्यटकाच्या सेवेस हजर असते. खोपोलीजवळ २०१६ साली स्नो पार्क उघडून बर्फाची सोय झाली. फार्महाऊसवर भर मे महिन्यात डीजेच्या तालावर रेन डान्स बरसतो. खरा पाऊस मात्र बेशिस्त. तो जुलैत कोसळतो आणि प्रशासनाला धबधब्यांवर बंदी घालावी लागते.

या प्रगतीत आदिवासी वाड्यांनाही सामावून घ्यावे. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बायांना हंड्यासह रेन डान्सचा पास द्यावा. अडचण एकच. पोशाख नायलॉनचाच लागतो. लुगड्याला परवानगी नाही, तशी पाटीच आहे.