पापणीवाली

"पाल म्हणू नकोस. घरातल्या पालीला पापण्या नसतात. हिला आहेत," असं म्हणत भाऊजींनी हातातला पिवळा, ठिपकेदार प्राणी माझ्या नाकासमोर धरला. त्यानं खरंच डोळे मिटले. मीही मिटले.

एडिसनच्या घरी, तळघरात, भाऊजींकडे अशा छत्तीस पापणीवाल्या आहेत. लेपर्ड गेको. यांचा मूळ मुलूख अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपला वायव्य भारत, पण भाऊजींनी त्या आणल्या पेनसिल्वेनियातल्या हॅम्बर्गच्या सरपटणाऱ्यांच्या बाजारातून. आणल्या होत्या दोनच. एक नर, एक मादी, आणि "बघू, काय होतं ते." व्हायचं ते झालं. मादी एका वेळी दोन अंडी घालते, आणि एका मोसमात अनेक वेळा घालते.

ताईच्या घरात श्रीखंडाचा रिकामा डबा आता फेकत नाहीत. त्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट भरायचं, त्यावर अंडी ठेवायची, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर पेन्सिलीनं खूण करायची, कारण अंडं उलटलं तर आतला जीव दगावू शकतो. मग डबा उबवणीच्या पेटीत. खरी गंमत इथेच आहे. मुलगा की मुलगी, हे पेटीच्या काट्यावर ठरतं. 80 अंश फॅरनहाइटला बहुतेक मुली, 90च्या आसपास बहुतेक मुलगे. भाऊजींचा काटा बाराही महिने 80वर. एका नराला पाच-सहा माद्या पुरतात, आणि दोन नर एका डब्यात टाकले की भावकीचा दावा उभा राहतो. आमच्या दोन्ही कुळांत मुलींसाठी इतकं डोळ्यांत तेल घालून बसलेला हा पहिलाच पुरुष. (हे मी ताईला म्हणालो. ती हसली नाही. तिच्या वेळी काय काय नवस झाले होते, ते तिला ठाऊक आहे.)

बाकी सगळा वधूवर-सूचक मंडळाचा कारभार. प्रत्येकीची वही: जन्म, वजन, आई-बाप, रंग. "दिसायला साधी आहे, पण 66 टक्के हेट आहे," भाऊजी कुजबुजले. म्हणजे आई-बाप दोघंही पांढऱ्या रंगाचा गुण लपवून होते, तेव्हा तो हिच्याही पोटात असण्याची शक्यता तीनात दोन. 66 टक्के मंगळ मी प्रथमच ऐकला. एनिग्मा नावाच्या देखण्या वाणात मान वाकडी करून गोल गोल फिरण्याचा दोष येतो. ते स्थळ भाऊजी दारातूनच परत करतात.

जेवणाचं मात्र विचारू नका. रव्यात एक अळी दिसली तर ताई अख्खा डबा बाहेर फेकते. हेच भाऊजी अळ्या विकत आणतात, ओट्समध्ये पोसतात, आणि वाढताना बोंबील घोळवावा तशा कॅल्शियमच्या भुकटीत घोळवतात. उरलेल्या अळ्या फ्रिजमध्ये. कशात, ते पाडव्याला पाहुण्यांना कळलं.

विक्री? होते ना. गिऱ्हाईक येतं, भाऊजी त्याची उलटतपासणी घेतात: तापलेला कोपरा किती अंशांचा ठेवणार? पंधरा-वीस वर्षं सांभाळाल? नोकरी कायम आहे? गिऱ्हाईक जातं. आणि प्रत्येक खेपेतलं सर्वांत गोंडस पिल्लू "हे मी राखून ठेवतो" म्हणून घरीच राहतं. दोनाचे छत्तीस झाले, ते अंड्यांमुळे कमी आणि या वाक्यामुळे जास्त.

निघायच्या आदल्या रात्री डोंबिवलीहून भाऊजींच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. "अरे, तुला आवडतात ना, ही बघ आपल्याकडची, ओट्यावर," म्हणत त्यांनी फोन ट्यूबलाइटशी नेला. भिंतीवरची पाल पडदाभर झाली आणि चुकचुकली.

भाऊजी खुर्चीसकट मागे सरकले. मांडीवरची पापणीवाली त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"आई, ती चढते गं," ते ओरडले. "आधी झाडू घे!"