पुढचं स्टेशन घाटकोपर

ठाण्याकडून येताना घाटकोपरला उतरायचं असेल तर विक्रोळीलाच उठावं लागतं. गर्दीच्या वेळी कांजूरमार्गला. घाटकोपर आल्यावर उठू म्हणणारा विद्याविहारला उतरतो, तेही लोकांनी उतरू दिलं तर. पूर्वी आमच्या स्टेशनात आमचीच माणसं उतरायची. ८ जून २०१४ ला वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो धावू लागली आणि साकीनाका, मरोळ, चकाला अशा सगळीकडचे हापिसवाले इथे उतरू लागले. ‘पुढे घाटकोपर ना?’ ही चौकशी नसते, ताकीद असते.

संध्याकाळी परतताना बसलेल्यालाही सुख नाही. दादरला जेमतेम चौथी सीट मिळावी, की वरून प्रश्न येतो, “कुठे?” ‘घाटकोपर’ म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा मुलीला स्थळ मिळाल्यासारखा उजळतो. मग त्याच्या मागचा त्याला विचारतो, “तुम्ही कुठे?” तो ‘डोंबिवली’ म्हणाला की मागचा वैतागून दुसरं गिऱ्हाईक शोधतो. माझ्या बुडाखालची ती वीतभर जागा माझ्यादेखत पार पुढपर्यंत बुक होते.

अशा माणसाला बायकोने ‘वर्तमानात जगा’ शिबिरात घातलं. रविवारी सकाळी, सोसायटीच्या हॉलमध्ये. शिकवणारे सर मुलुंडचे. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, “कालची खंत नको, उद्याची चिंता नको, आणि आपण जरा वेळेत संपवू, अकराच्या सुमाराला मेगाब्लॉक सुरू होतो.”

मग प्रत्येकाच्या तळहातावर एकेक बेदाणा आला. तो पाच मिनिटं खायचा. जॉन कबात-झिन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताणावरचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यात हा बेदाणा आहे. आधी बघायचा, मग बोटांत फिरवायचा, हुंगायचा, कानाशी न्यायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तो कानाशी नेला आणि जाहीर केलं, “मशीन घरी राहिलंय.” बायकोने सुरकुत्या निरखून ‘तासगावचा वाटतो’ असा निर्वाळा दिला आणि शेजारणीला भाव विचारला. माझा बेदाणा मी केव्हाच गिळला होता. मुंबईत हातात आलेली वस्तू पाच मिनिटं धरून ठेवली तर ती आपलीच राहील याची खात्री कोण देणार?

खरं म्हणजे यासाठी अमेरिकेला जायची गरजच नाही. आमच्याच मध्य रेल्वेवर, कसाऱ्याचा घाट चढून गेलं की इगतपुरी. तिथलं गोएंका गुरुजींचं धम्मगिरी विपश्यना केंद्र १९७६ पासून लोकांना दहा दिवस गप्प बसवतंय. आमचे शेजारी नाना तिथे जाऊन आले. सर्वांत जास्त लाभ नानींना झाला, आणि तो इथे घाटकोपरला बसून झाला. नाना परत आले ते शांत, तेजस्वी वगैरे; पण कल्याणला गाडी बदलली आणि ठाण्यालाच दाराशी जाऊन उभे राहिले. मी छेडलं तर म्हणाले, “येणारा श्वास बघायचा, जाणारा श्वास बघायचा, सगळं मान्य. पण येणारी गाडी फास्ट आहे का स्लो, हे नको बघायला?”

मला नानांचं पटतं. एक स्टेशन पुढे जगणं हा आमचा दुर्गुण नाही, ती आमची उतरायची सोय आहे.

वर्तमानात जगणारा माणूस मला दिसला तो पूर्वेच्या वल्लभबाग लेनच्या खाऊगल्लीत. डोसेवाला. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका, चर्र आवाज, फडक्याचा एक फटकारा. वाटीने पीठ गोल फिरलं. त्यावर बटरचा गोळा, लाल चटणी, सिमला मिरची, कांदा, बटाटा. आणि मग मॅशर घेऊन सगळं डोशावरच रगडणं. वरून चीज किसलं, कडा सुटल्या, गुंडाळी झाली, तिचे तुकडे प्लेटमध्ये उभे राहिले. चारी बाजूंनी ‘भैया, दोन जिनी डोसा’, ‘भैया, हमारा पहले था’ चाललेलं. पठ्ठ्याने मान वर केली नाही. त्याला कुणी बेदाणा दिलेला नव्हता.

प्लेट हातात आली. बायकोने पहिला तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. सावकाश चावत होती. शिबिराचे पैसे वसूल झाले म्हणून मी सुखावलो, तोच तिने डोळे उघडले.

“अहो, पुढच्या रविवारी तो आइस्क्रीमवाला डोसा खाऊ या.”