नव्या वस्तादांचं कसं चाललंय

लिव्हरपूल,
15 सप्टेंबर 2024

तीर्थरूप आप्पा आणि आई यांना शि. सा. नमस्कार.

भडंग पोचलं. मुलांच्या वाट्याला मूठभर आलं, बाकीचं तुमच्या चिरंजिवांनी कालच्या पराभवावर उतारा म्हणून संपवलं. साताऱ्याच्या बाबांनी दिलेले कंदी पेढे मात्र डब्यात कुलूपबंद आहेत. ते म्हणे विजयासाठी.

आप्पा, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "नवा वस्ताद कसा आहे?" हे शेजारीच बसले होते, म्हणून मी मोघम बोलले. आता सविस्तर लिहिते.

लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप जाणार हे जानेवारीत कळलं, तेव्हा आमच्याकडे सुतक धरायचंच काय ते बाकी होतं. 2015 पासून त्या माणसानं प्रेक्षकांसमोर मुठी आवळल्या, खेळाडूंना कवटाळलं, रेफ्रींवर डोळे वटारले. 2019 ला युरोपचा कप आणला, 2020 ला तीस वर्षांनी लीग आणली. त्यांच्या जागी हॉलंडच्या फेयेनूर्ड क्लबातून आर्ने स्लॉट आले ते आपल्या सांगलीच्या चोर गणपतीसारखे, मिरवणूक नाही की ताशा नाही. निरोपाच्या दिवशी क्लॉपनीच भर मैदानात त्यांच्या नावाचा गजर केला, तेवढंच काय ते वाजवणं.

पहिली तक्रार अशी की हा माणूस ओरडत नाही. दुसरी, नवीन खेळाडू घेत नाही. यंदा खेळायला म्हणून आला तो एकटा किएसा, तोही ऑगस्टच्या शेवटाला. तुमच्या चिरंजिवांनी जुलैतच भाकीत केलं होतं, "दिवाळीपर्यंत टिकला तर बघ."

मग 17 ऑगस्टला इप्सविचची मॅच झाली. मध्यंतराला स्लॉटनी क्वान्साला बसवून कोनातेला उतरवलं. कारण विचारलं तर शांतपणे म्हणाले, चेंडूच्या झटापटीत आपण कमी पडत होतो. 2-0 नं जिंकलो. 1 सप्टेंबरला तर ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन मँचेस्टर युनायटेडला 3-0! त्या रात्री न ओरडणं हा एकाएकी मोठा गुण ठरला. बाबांनी साताऱ्याहून एवढंच विचारलं, "वेळेवर येतो ना?" हेडमास्तरांचं मोजमाप वेगळंच.

आणि काल नॉटिंगहॅम फॉरेस्ट. आमच्याच घरात येऊन 1-0! अ‍ॅनफिल्डवर ते जिंकले, 1969 नंतर पहिल्यांदा. यातली गंमत अशी की शनिवारी दुपारी तीनच्या मॅचेस इथे टीव्हीवर दाखवतच नाहीत. म्हणजे मैदान घरापासून बसनं वीस मिनिटांवर आणि आम्ही रेडिओला कान लावून! तुम्ही मात्र सांगलीत संध्याकाळी जेवता जेवता सगळी बघितलीत. म्हणून तर ह्यांनी तुम्हाला तीनदा फोन केला, "आप्पा, स्लॉटचा चेहरा कसा दिसतोय?" तुम्ही म्हणालात, "जिंकताना दिसायचा तसाच." त्या वाक्यावर तुमचे चिरंजीव रात्रभर कूस बदलत होते. ते कौतुक होतं की टोमणा, ते एकदा कळवा. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या मॅचला तुम्ही प्रशिक्षकाला जे ऐकवायचात, त्यावरून मला तरी टोमणाच वाटला.

शेजारचे आजोबा मात्र निवांत आहेत. 1974 ला इथले प्रशिक्षक शँकली पद सोडून गेले तेव्हा अख्खं गाव असंच हवालदिल होतं म्हणतात. मागून आलेले पेझ्ली बोलायला लाजायचे, पहिल्या वर्षी लीगही हुकली. पुढे त्याच पेझ्लींनी सहा लीग आणि तीन युरोपियन कप आणले. हे ऐकून ह्यांनी एक पेढा काढला. मी हातावर चापट मारली.

येत्या मंगळवारी मिलानला मॅच आहे, रात्री आठला. नेमकी अनंत चतुर्दशी. बादलीतल्या विसर्जनाला आमच्याकडे मुहूर्त लागत नाही, तरी आरती सातला उरकायचा हुकूम निघालाय. आई, तुमचं काय म्हणणं? तुम्ही नाही म्हणालात तर मला बरं पडेल.

तुमची सून