रीस्टार्टचा अंगारा

संगणक अडला की बंद करून पुन्हा चालू करावा, या एका उपायावर आपल्याकडे सर्व पक्षांचं, सर्व पिढ्यांचं आणि सासू-सुनांचंही एकमत आहे. अंगाऱ्याचे सगळे गुण त्यात आहेत: फुकट मिळतो, कुणीही लावू शकतो, उतार पडला तर श्रेय अंगाऱ्याचं आणि नाही पडला तर रोग्याचं प्रारब्ध. घरातल्या एकट्या संगणकापुरतं हे चालून जातं. पण जिथे फाइली एका सर्व्हरवर, त्या वाचणारे क्लायंट शंभर टेबलांवर आणि मधे नेटवर्क असा पसारा असतो, म्हणजे एनएफएस किंवा एएफएससारखी फाइल सिस्टिम असते, तिथे हा अंगारा बहुधा भलत्याच्याच कपाळी लागतो. माझं म्हणणं असं, की अशा ठिकाणी डोळे मिटून केलेला रीस्टार्ट हा उपचार नव्हे, पुरावा नष्ट करणं आहे; आणि कधीकधी तर रोग तिथूनच सुरू होतो.

मुळात ज्याला आपण ‘क्लायंट मेला’ म्हणतो, तो पुष्कळदा मेलेलाच नसतो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली विकसित केलेल्या एनएफएसमध्ये ‘हार्ड माउंट’ नावाची पद्धत आहे. सर्व्हर गप्प झाला, की क्लायंट त्याला विचारत राहतो, पुन्हा विचारतो, आणि लॉगमध्ये नोंद करतो की सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहेत. इतकी प्रांजळ कबुली फार थोड्या कार्यालयांतून मिळते. पण लॉग वाचतो कोण? पडदा थिजलेला दिसतो आणि हात बटणाकडे जातो. यंत्र उठतं, तोच सर्व्हर शोधतं, पुन्हा थिजतं: पहिले पाढे पंचावन्न. फरक एवढाच, की सर्व्हर परतल्यावर जी माहिती मुकाट्याने लिहिली गेली असती, ती मधल्यामधे गेली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८७ मध्ये वितरित यंत्रणेची व्याख्याच अशी केली होती, की जो संगणक अस्तित्वात आहे हेही आपल्या गावी नसतं, तो बंद पडल्यामुळे जिथे आपला संगणक निकामी होतो, ती वितरित यंत्रणा. गुन्हा तिकडे आणि फाशी इकडे, हा या व्यवहाराचा नियमच आहे.

मांडणी करतानाच्या अडचणी याहून मजेदार. एएफएस ही कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेली यंत्रणा ओळख पटवण्यासाठी केर्बेरॉसवर विसंबते, आणि केर्बेरॉस दोन घड्याळांत साधारणपणे पाच मिनिटांपर्यंतचाच फरक खपवून घेतं. आपल्याकडे पाच मिनिटं उशिरा येणाऱ्याला वक्तशीर म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्यात काही जण संगणकाचा कालविभाग जागतिक वेळेचाच ठेवून काटे तेवढे भारतीय वेळेला जुळवतात. पडद्यावरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळते आणि यंत्र मात्र साडेपाच तास पुढे निघून गेलेलं असतं. आता ते कितीही वेळा चालू-बंद करा, दार उघडणार नाही. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत दोन्हीकडचं डोमेनचं नाव जुळलं नाही, तर सगळ्या फाइलींच्या मालकाच्या रकान्यात ‘नोबडी’ उमटतं. सरकारी जमिनीवरही इतकी बेवारशी अवस्था एका रात्रीत येत नाही. अशा वेळी रीस्टार्टने एवढंच सिद्ध होतं, की मालक अजूनही नोबडीच आहे.

रीस्टार्टच रोग कसा होतो, तेही पाहू. लिनक्सवर ओपनएएफएस या एएफएसच्या मुक्त आवृत्तीचा क्लायंट कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बसवावा लागतो, आणि त्याचं मोड्यूल त्या-त्या कर्नलच्या मापाने शिवलेलं असतं. नवा कर्नल गुपचूप उतरून पडलेला असतो. जुना चालू आहे तोवर सारं सुरळीत. कुणीतरी किरकोळ कारणाने यंत्र रीस्टार्ट करतं, नवा कर्नल गादीवर येतो, जुनं मोड्यूल त्याला होत नाही, आणि फाइली दिसेनाशा होतात. याहून ठळक दाखला १४ जानेवारी २०२१चा. ओपनएएफएसच्या १.८ मालिकेत जोडण्यांना क्रमांक देण्याचं गणित सुरू होतेवेळच्या घड्याळावर आधारलेलं होतं. १ जानेवारी १९७०पासून मोजलेल्या सेकंदांचा आकडा षोडशमान पद्धतीत सहावर सात शून्यं एवढा झाला आणि ते गणित चुकलं. भारतीय वेळेनुसार तेव्हा दुपारचे १ वाजून ५५ मिनिटं ३६ सेकंद झाले होते. आधीपासून चालू असलेली यंत्रं निवांत चालत राहिली. त्यानंतर जी रीस्टार्ट झाली, ती अडली. १.८.७ ही दुरुस्त आवृत्ती लगोलग आली, पण तोवर जो जितका तत्पर, तो तितका गोत्यात. दिवसही नेमका मकरसंक्रांतीचा. संक्रांत यायची तर अशी मुहूर्त पाहून यावी.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की रीस्टार्टची सोय तर एनएफएसच्या कर्त्यांनीच केली होती. सुरुवातीच्या आवृत्त्यांत सर्व्हर कुणी कोणती फाइल उघडली याची नोंदच ठेवत नसे, त्यामुळे तो पडून उठला तरी क्लायंटचं काम पुढे चालू. अगदी खरं. पण ती सोय सर्व्हरच्या रीस्टार्टची, आणि आपण दाबतो क्लायंटचं बटण. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! दुसरा आक्षेप: मग ‘सॉफ्ट माउंट’ वापरा, म्हणजे क्लायंट थोडा वेळ विचारून नाद सोडेल. सोडेल खरा, पण त्यात माहिती गुपचूप बिघडू शकते, असा इशारा लिनक्सची माहितीपुस्तिकाच देते. थिजलेला पडदा निदान दिसतो. बिघडलेली फाइल कळते ती हिशेब तपासणीच्या दिवशी. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, कारण तो साहेबांचा असतो: काम खोळंबलंय, संशोधन नंतर करा. साहेबांची घाई रास्त आहे, पण ज्या बिघाडाचं कारण सापडलं नाही, तो बरा झालेला नसतो, रजेवर गेलेला असतो. आणि तो परत येतो तो नेमका साहेब रजेवर असताना.

रीस्टार्टवर बंदी घाला, असं मी म्हणत नाही. पण बटणाला हात लावण्यापूर्वी दोन्हीकडची घड्याळं आणि त्यांचे कालविभाग बघा, सर्व्हरपर्यंत वाट आहे का ते तपासा, कोणता कर्नल चालू आहे आणि कोणता दबा धरून बसलाय ते पाहा, आणि लॉगच्या शेवटच्या ओळी दुसरीकडे उतरवून ठेवा. मग खुशाल रीस्टार्ट करा. निदान नंतर पंचनाम्याला काही शिल्लक तरी राहील.