सेकंड शिफ्ट

बर्फीला रिलिव्हर पाहिजे, ही गोष्ट आमच्या घरात पहिल्यांदा बायकोनं काढली. शब्द अर्थात माझा. बुटीबोरीतल्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या संसारात असे शब्द आंदणाच्या भांड्यांसारखे साठत जातात. रिलिव्हर म्हणजे आपली शिफ्ट संपली की आपल्या मशीनवर येऊन उभा राहणारा गडी. तो आला नाही तर घरी जायचं नाही, डबल ड्युटी मारायची. बर्फी म्हणजे आमची कुत्री. रंग अगदी संत्रा बर्फीचा, म्हणून नाव तसं. सात वर्षांपासून दूधवाला, पेपरवाला, सिलिंडरवाला आणि वर्धा रोडकडे जाणारा प्रत्येक रेतीचा ट्रक, सगळ्यांवर भुंकायचं खातं तिच्या एकटीकडे होतं.

"एकटी जीव किती ड्युट्या करून राहिली, पाहा ना जी," बायको म्हणाली.

आता यातली गंमत अशी की आम्हाला मुलगी एकच. वीस वर्षं दोन्हीकडच्या सोयऱ्यांनी 'दुसऱ्याचं काय?' असं विचारून विचारून आमचा पिच्छा पुरवला होता. एकटं पोर हेकट होतं, दोघं असली की एकमेकांना सांभाळतात, आईबापाला काही करावंच लागत नाही, वगैरे. आम्ही सगळ्यांना पुरून उरलो. मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि हीच वाक्यं शब्दही न बदलता आम्ही नवराबायको एकमेकांना कुत्रीबद्दल ऐकवू लागलो. फोनवर हे कळल्यावर मुलगी म्हणाली, "सहावीत असताना भाऊ पाहिजे म्हणून मी तीन दिवस रडली होती. तेव्हा काय म्हणाले होते बाबा?"

"तेव्हा कॉस्ट कटिंग चालू होतं," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

बायकोचा शेवटचा मुद्दा दत्तगुरूंचा होता. त्यांच्यापाशी चार आहेत. मी म्हटलं, त्यांना कूलर लागत नाही.

बुटीबोरी ज्यांनी पाहिली नाही त्यांना कूलरचं महत्त्व आधी सांगायला पाहिजे, पण त्याच्याही आधी गेटचं. नागपूरहून वर्धा रोडनं तीसेक किलोमीटर आलं की आमची औद्योगिक वसाहत लागते. सरकारदरबारी ती 'पंचतारांकित'. हे वाचून मुंबईच्या साडूनं एकदा पोहण्याचे कपडे सोबत आणले होते. इथले पाच तारे म्हणजे रुंद रस्ते, पाणी, वीज असे, आणि प्रत्येक तारेच्या कुंपणाला एक गेट, प्रत्येक गेटवर एक सिक्युरिटीवाला आणि प्रत्येक सिक्युरिटीवाल्यापाशी दोन-तीन कुत्री. ही कुत्री कोणाची नसतात आणि कंपनीतल्या प्रत्येकाची असतात. उरलेल्या डब्यावर जगतात. डबा शिफ्टप्रमाणे सुटतो, म्हणून त्यांना घड्याळ कळतं. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. भोंगा व्हायच्या पाच मिनिटं आधी अंग झाडून उभी. माझ्या मस्टरवरच्या कित्येक माणसांना हे शेवटपर्यंत जमलं नाही.

आमच्या गेटवर एक काळा होता. डाव्या कानाला खाच, म्हणजे नसबंदीचं ऑपरेशन झालेला. आम्ही ते त्याचं ओळखपत्र समजायचो. तीनच्या भोंग्याला तो गेटच्या मधोमध बसायचा आणि आत येणाऱ्या प्रत्येक दुचाकीकडे असा बघायचा की उशिरा आलेला माणूस माझ्या खिडकीशी येण्याआधीच ओशाळलेला असायचा. त्याला सगळे मुकादम म्हणायचे. मी रिटायर झालो तरी मुकादम ड्युटीवरच होता. मग एक दिवस गेटवरच्या जुन्या माणसाचा फोन आला. "साहेब, आमचं कॉन्ट्रॅक्ट गेलं. उद्या नवीन एजन्सी येऊन राहिली. ते कुत्रे हाकलतीन म्हणते. मुकादमाचं तेवढं पाहा."

तारीख पक्की लक्षात आहे, ३ सप्टेंबर २०२४, तान्हा पोळा. नागपुरात त्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते. १८८०च्या दशकापासूनची रीत. काळी मारबत एकीकडून येते, पिवळी दुसरीकडून, दोघींची गाठ पडते आणि सगळं शहर गल्लीतली रोगराई, महागाई नि नको असलेला पुढारी त्यांच्यासोबत घालवून देतं. आमच्या फाटकात पिवळी बर्फी उभी आणि रिक्षातून काळा मुकादम उतरला. शेजारचा पोट्टा भिंतीवरून ओरडला, "काकाजी, लोकं दोघींना घालवून देतात, तुम्ही घरात घेऊन राहिले का?"

दुपारचे तीन वाजले होते.

कुत्र्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोघांची ओळख घरात करून देऊ नका. त्रयस्थ जागी न्या, दोघांना समांतर चालवा, एकमेकांचा वास घेऊ द्या. सल्ला पुस्तकात बरोबर असेल. मी त्यांना रविवारी वसाहतीतल्या रिकाम्या रस्त्यावर नेलं. चूक तिथंच झाली. बर्फीसाठी ती जागा त्रयस्थ होती, मुकादमाचा तो तालुका होता. पहिल्या गेटवरून दोन कुत्री आली, दुसऱ्यावरून तीन, पाण्याच्या टाकीपाशी एक म्हातारी लंगडत आली. सगळ्यांनी त्याची रीतसर चौकशी केली. बर्फी माझ्या दोन पायांच्या मध्ये शिरून, नव्या सुनेला सासरचं गणगोत दाखवावं तशी, सगळं पाहत उभी. समांतर कोणीच चाललं नाही. मी मात्र दोन साखळ्यांमध्ये सुतळीच्या तोड्यासारखा गुंडाळला गेलो.

तेव्हा मी घरात जाहीर केलं की मुकादम कॉन्ट्रॅक्टवर आहे. परमनंट नाही. जमलं तर ठीक, नाही तर कोणाच्या वावरात राखणीला देऊ.

हे वाक्य सोपं नाही. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात एक आकडा होता, २४०. बारा महिन्यांत तेवढे दिवस काम भरलं की वर्षभराची सलग नोकरी धरायचे. कामगार एवढंच बोलतो, 'दोनशे चाळीस भरले की झालं.' म्हणून ठेकेदार दोनशे तीसच्या आसपास माणसाला ब्रेक देतो. कोणाचे दिवस भरत आले, ती यादी काढायची माझ्याकडे. पेन्सिलनं बारीक टिकली करायचो नावापुढे. पुढच्या आठवड्यात तो माणूस दिसायचा नाही.

तर सवयीनं मी कालनिर्णयवर मुकादमाचे दिवस मोजू लागलो.

कामगार म्हणून त्याच्यात खोट काढणं कठीण होतं. खाडा नाही, लेट मार्क नाही. जेवणाचं तेवढं अवघड. पाकिटातले महागडे दाणे त्यानं हुंगून तसेच ठेवले. त्याचा पिंड कंपनीच्या डब्यांवर पोसलेला, म्हणजे तर्री, सावजीचा रस्सा, आलुबोंडा. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला वाईट, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मुकादमाकडे बघून त्यांनाच आपलं म्हणणं खरं वाटेना. शेवटी ज्वारीची भाकर आणि दूध यावर समझोता झाला. ती भाकर बर्फी सात वर्षं नाक मुरडून टाकत होती. आता त्याच्या ताटलीकडे डोळा ठेवून स्वतःची दोन मिनिटांत चाटून पुसून साफ.

पण दोस्ती म्हणाल तर नाही. सहा महिने दोघांनी एकमेकांकडे पाहिलं ते बदलीवर आलेल्या बाबूकडे जुना बाबू पाहतो तसं. मग मार्च लागला आणि कूलर निघाला.

विदर्भात उन्हाळ्यात घराचा कर्ता पुरुष कोण, हे सात-बारावरून ठरत नाही. कूलरच्या समोर कोण बसतं यावरून ठरतं. नवी खस लावली, टाकीत पाणी सोडलं, पहिला ओला वास घरभर सुटला की जो पहिल्यांदा समोर आडवा होईल त्याचा सीझन. आमच्याकडे ती जागा बर्फीची. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकणं हाच त्याचा कूलर, म्हणून मीही कधी हरकत घेतली नाही. मुकादम दाराच्या उंबऱ्यावर. आत यायला निघाला की बर्फीचा एक ओठ वर जायचा. आवाज नाही, फक्त ओठ. तो परत उंबऱ्यावर.

एका दुपारी मी दिवाणावर पडलो होतो. लांबून तीनचा भोंगा झाला. मुकादम रोजच्यासारखा उठला, फाटकापर्यंत गेला, सळयांमधून तोंड काढून रस्ता पाहिला. दोन मोटारसायकली गेल्या, तिसरी गेली. मग तो परत फिरला, तापल्या फरशीवरून पंजे उचलत आत आला आणि कूलरसमोर नुसता उभा राहिला. बर्फीनं डोळे उघडले. मी ओठाकडे पाहत होतो. ती उठली. पुढचे पाय ताणून लांबलचक आळस दिला, त्याच्या कानाच्या खाचेला एकदा नाक लावलं, आणि बाहेर पडवीत जाऊन फाटकाकडे तोंड करून बसली. तिची ऊब असलेल्या जागेवर तो गोल फिरून आडवा झाला.

माझ्या सगळ्या नोकरीत इतका चोख चार्ज मी कोणाला देताना पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम घड्याळ लावून बसलो. तीनला हाच कार्यक्रम. सात ते तीन बर्फी कूलरवर, मुकादम फाटकावर; तीन ते अकरा मुकादम कूलरवर, बर्फी फाटकावर. नाइटला दोघंही कूलरपुढे आणि भुंकायला मी.

बायकोला उठवून दाखवलं तर ती म्हणाली, "तुम्हीच तर म्हणले होते ना जी, रिलिव्हर."

मोजून पाहिलं तर ३० एप्रिलला मुकादमाचे दोनशे चाळीस भरत होते. त्या दिवशी नेमकी अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी पितरांचं पान असतं, पुरणपोळी, कुरडया, चिंचवणी, पाण्याची घागर. गच्चीच्या भिंतीवर कावळ्यासाठी माझ्या वडिलांचं पान ठेवलं. वडील नागपूरच्या गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज शिफ्टच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कोणी गैरहजर असला तर आत, नाही तर डबा तसाच घेऊन घरी. मी लहान असताना आई दुपारी फाटकात उभी राहून त्यांची सायकल येते का पाहायची. दिसली की चूल पेटवायची नाही, कारण डबा परत आलेला असायचा.

बारा वाजले, एक वाजला, कावळा फिरकला नाही. उन्हात कावळ्यालाही घरात बसावंसं वाटत असणार. आम्ही वाट पाहून पाहून खाली आलो. भोंगा झाला तरी मुकादम फाटकाशी दिसेना. वर जाऊन पाहतो तर भिंतीवरची पत्रावळ खाली, कुरडया संपलेल्या, पुरणपोळी संपलेली, आणि मुकादम घागरीत तोंड घालून सावकाश पाणी पितोय.

मी हात उगारला. मागून बायको आली. पदर सावरून तिनं पत्रावळ उचलली. "राहू द्या. मामाजी जेवले असतीन," ती म्हणाली, आणि मग थोडं थांबून, "आजच्या दिवशी घरात जे येते ते जात नाही म्हणतात जी."

खाली येऊन मी कालनिर्णयवरच्या टिकल्या खोडरबरानं पुसल्या. सप्टेंबरपासूनच्या आठ महिन्यांच्या होत्या, वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी १ मे. कामगारांची भरपगारी सुटी, भोंगा नाही. सकाळी सातला मुकादम उठला आणि फाटकाशी जाऊन बसला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सुटीच्या दिवशी कामावर बोलावलेल्या माणसाला डबल द्यावं लागतं. याला कोणी बोलावलं नव्हतं, तरी दोन भाकरी दिल्या. एक बर्फीनं पळवली.